सांगाड्याची पारख

अमेरिकेत जुन्या मोटारींच्या विक्रीच्या जाहिरातींची एक स्वतंत्र परिभाषा आहे. ‘इंजिन फिरते’ असे लिहिलेले असेल, तर पाना लावून हाताने फिरवल्यास ते फिरते, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. ‘किरकोळ गंज’ म्हणजे रंगाच्या वर येऊन दिसू लागला आहे तेवढा गंज. ‘बहुतेक सर्व भाग सोबत आहेत’ यातील ‘बहुतेक’ हा शब्द पुढे खरेदीदाराला फार महाग पडतो. आणि ‘निम्मे काम झाले आहे’ असे आश्वासन असेल, तर मोटार सुटी करण्याचे काम झाले असून जोडण्याचे अद्याप सुरू व्हायचे आहे, असे समजावे.

ही परिभाषा ठाऊक असूनही पुष्कळ समंजस माणसे असे सांगाडे घरी आणतात. या पानाच्या ज्या वाचकांची मुले-नातवंडे मिशिगन, ओहायो किंवा न्यू जर्सीकडे स्थायिक झाली आहेत, त्यांनी तेथील एखाद्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली झाकलेली, चाके काढून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली अशी एखादी गाडी पाहिलीही असेल. ती बहुधा १९६४ ते १९७२ या काळातील असते आणि तिला तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. हा शौक स्वस्त नाही आणि सोपाही नाही. त्यात घराची बचत, जागा आणि कित्येक वर्षांचे रविवार खर्ची पडतात. म्हणूनच खरेदीच्या दिवशी नेमके काय पाहावे, हा प्रश्न गाडीवेड्यांइतकाच त्यांच्या घरच्यांच्याही जिव्हाळ्याचा आहे.

मसल कार या प्रकाराचा जन्म एका पळवाटेतून झाला. जनरल मोटर्स या कंपनीने आपल्या मध्यम आकाराच्या गाड्यांत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवू नये, असा अंतर्गत नियम केला होता. तिच्याच पॉन्टियाक विभागात जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी अभियंते काम करीत होते. मोठ्या गाडीचे ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन टेम्पेस्ट या मध्यम गाडीत सहज मावते, हे त्यांच्या ध्यानात आले. नियम नव्या गाडीला लागू होता. जुन्या गाडीवर ग्राहकाने मागवायच्या जादा साहित्याचा त्यात उल्लेख नव्हता. तेव्हा १९६४ सालच्या टेम्पेस्ट लेमान्सवर सुमारे २९६ डॉलर अधिक देऊन घ्यावयाचा एक संच म्हणून ‘जीटीओ’ बाजारात आली. पाच हजार गाड्या खपतील अशी अपेक्षा होती. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या. त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग सादर केली आणि वर्षभरात तिच्या चार लाखांवर गाड्या विकल्या. मग शेव्हरोलेची शेव्हेल एसएस ३९६ आली, कमॅरो आली, डॉजची चार्जर आली. प्लिमथने तर १९६८ साली व्यंगचित्रपटातील एका पक्ष्याचे नाव आपल्या गाडीला देण्यासाठी वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर मोजले आणि हॉर्नही त्या पक्ष्याच्या ‘बीप बीप’सारखा वाजेल असा बसवला. तरुणांना परवडणाऱ्या किमतीत अचाट वेग मिळत होता. डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर रात्री त्याची परीक्षा होई.

मराठी वाचकाला यातील ‘प्लिमथ’ आणि ‘डॉज’ ही नावे अगदीच परकी वाटणार नाहीत. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लर कंपनीशी करार करून १९४७ पासून मुंबईत कुर्ल्याला याच नावांच्या गाड्या जुळवायला आरंभ केला होता. जनरल मोटर्सचा कारखाना तर त्याही आधी, १९२८ पासून, शिवडीला होता. तो १९५४ साली बंद झाला आणि त्याच सुमारास कुर्ल्याचा ओढा इटालियन फियाटकडे वळला. त्यामुळे ज्या वर्षांत अमेरिकेत ही इंजिने फुगत गेली, त्या वर्षांत आपल्याकडे प्लिमथ म्हणजे वकील-डॉक्टरांची धीमी, भारदस्त गाडी, हीच प्रतिमा कायम राहिली.

हे पर्व जितक्या झपाट्याने आले तितक्याच झपाट्याने संपले. तरुण चालकांच्या विम्याचे हप्ते गाडीच्या हप्त्यांशी स्पर्धा करू लागले. १९७० साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. १९७१ पासून जनरल मोटर्सने कमी शिशाचे पेट्रोल चालावे म्हणून इंजिनांतील दाब उतरवला. १९७२ पासून अश्वशक्ती मोजण्याची पद्धतच बदलल्याने कागदावरचे आकडेही कोसळले. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले, तेव्हा गॅलनला दहा-बारा मैल जाणारी गाडी दारात असणे हा घरखर्चाचा प्रश्न झाला. पुढील काही वर्षे या गाड्या जुन्या बाजारात कवडीमोलाने फिरल्या. कोवळ्या वयाच्या मुलांनी त्या घेतल्या, शर्यतीत पळवल्या, इंजिने फोडली, दुसरी बसवली, मागची चाके रुंद करण्यासाठी पत्रे कापले आणि हिवाळ्यात मिठाच्या रस्त्यावरून कॉलेजला नेल्या. आज विक्रीला येणारा प्रत्येक सांगाडा या इतिहासातून गेलेला असतो. त्याची पारख करणे म्हणजे त्याच्यावर काय काय गुदरले ते ओळखणे.

नवखा खरेदीदार आधी बॉनेट उघडतो. तेथेच तो चुकतो. या गाडीत इंजिन ही सर्वांत सोपी बाब आहे. त्या काळची रचना साधी; आठ सिलिंडर, एक कार्ब्युरेटर, एक वितरक, संगणकाचा मागमूस नाही. पाव शतक बंद पडलेले इंजिन अडकले असेल तर सिलिंडरमध्ये तेल सोडून काही दिवसांनी ते हलक्या हाताने फिरवून पाहता येते. तरीही न हलले तर खोलून नव्याने बांधता येते. तेही न जमले तर त्याच जातीचे नवे इंजिन पेटीत बंद होऊन घरपोच येते. अमेरिकेत १ जानेवारी १९९६ पासून रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिशाचे पेट्रोल पूर्ण बंद झाले, त्यामुळे जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या बैठकी कठीण पोलादाच्या करून घ्याव्या लागतात. हे कामही कोणताही जाणता कारागीर करून देतो. गिअरबॉक्स, ब्रेक, रेडिएटर, पेट्रोलची टाकी यांचे तसेच. आसने चामड्याची नसून बहुधा व्हिनाइलची असत, आणि त्यांची मूळच्याच नक्षीची आवरणे आजही तयार मिळतात. या सर्वांना पैसे पडतात. पण किती पडतील याचा अंदाज आधी बांधता येतो.

गंजाचा अंदाज बांधता येत नाही. खरी परीक्षा आहे ती तेथे.

अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात. त्या काळच्या पत्र्याला आजच्यासारखे जस्ताचे संरक्षण नव्हते. मीठमिश्रित चिखल मडगार्डच्या आतल्या कडांवर, दाराखालच्या पट्ट्यांत, डिकीच्या तळाच्या कोपऱ्यांत साचे आणि पत्रा आतून बाहेर खात येई. म्हणूनच रंगावर रुपयाएवढा फोड दिसला तर आत तळहाताएवढे भोक असते. त्यावर कोणी पुट्टी भरून रंग चढवला असेल, तर ती झाकली मूठ होते आणि तिची किंमत सव्वा लाख सांगितली जाते. ही मूठ उघडण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे रुमालात गुंडाळलेले लहानसे लोहचुंबक. चाकांच्या कमानींवरून, मागच्या काचेच्या कडेवरून, दारांच्या खालच्या भागावरून ते हळूहळू फिरवावे. जेथे ते पत्र्याला धरत नाही तेथे पत्रा नाही, पुट्टी आहे. खरेदीला जाताना नवा कोरा रंग पाहून आनंद मानण्यापेक्षा जुना, उडालेला, खरा रंग पाहून समाधान मानावे. भडक नव्या रंगाखाली दडलेल्या गाडीपेक्षा ॲरिझोनाच्या उन्हात रंग उडालेली, आसने फाटलेली, डॅशबोर्ड तडकलेली गाडी कितीतरी पटींनी चांगली. कारण उन्हाने खाल्लेले सर्व काही बाजारात विकत मिळते, मिठाने खाल्लेला सांगाडा मिळत नाही.

अर्थात गाडीगणिक गंजाच्या जागा निराळ्या. शेव्हेल आणि जीटीओ यांना खाली स्वतंत्र लोखंडी चौकट असते, वरचा डबा तिच्यावर बसवलेला असतो. त्यामुळे वरचा पत्रा बदलणे जिकिरीचे असले तरी शक्य असते; पण चौकट मागच्या चाकाजवळ कुजली असेल तर विचार बदलावा. मस्टँगला आणि क्रायस्लरच्या गाड्यांना अशी वेगळी चौकट नाही. पत्र्याचा डबा हाच सांगाडा. तेथे तळाच्या पत्र्याला पडलेले भोक म्हणजे घराच्या पायालाच पडलेले भगदाड. मस्टँगच्या समोरच्या काचेखाली हवा आत येण्याच्या जाळ्या असतात. त्यांतून शिरलेले पावसाचे पाणी बाजूंनी निघून जावे अशी योजना आहे, परंतु आतला पत्रा रंगवलेला नसल्याने आणि पानांचा कचरा साचल्याने तो कुजतो. ही जागा वरून दिसत नाही. जाणकार खरेदीदार विक्रेत्याची परवानगी घेऊन त्या जाळ्यांवर बादलीभर पाणी ओततो आणि कोणाला तरी आत डोके खाली घालून बसायला सांगतो. पाणी पायांवर टपकले, तर दुरुस्तीसाठी समोरचा सारा भाग उकलून, वेल्डिंगचे शेकडो ठिपके सुटे करावे लागतील हे त्याला कळते. मग गालिचा उचलावा, डिकीतील रबर उचलावे, छतावर व्हिनाइलचे आवरण असेल तर त्याखाली बोटाला बारीक फोड लागतात का ते पाहावे. दार उघडताच खाली झुकत असेल, तर बिजागरी झिजली आहे की सांगाडाच वाकला आहे, हे विचारावे. छत उघडणाऱ्या गाडीत ही शंका दुप्पट घ्यावी.

गंमत अशी की मस्टँगचा किंवा कमॅरोचा पत्र्याचा संपूर्ण डबा आज नवा तयार मिळतो. कॅलिफोर्नियातील डायनाकॉर्न ही कंपनी तो बनवते. म्हणजे एखाद्याने मनात आणले तर एकही जुना पत्रा न ठेवता १९६७ सालची गाडी उभी करता येईल. पण तिला १९६७ सालची म्हणावे काय? हा प्रश्न वरवर तात्त्विक वाटतो. या व्यवहारात मात्र त्याच्यावर लाखो डॉलर अवलंबून असतात, आणि म्हणून गंजाइतकेच लक्ष ओळखीकडे द्यावे लागते.

२०१४ साली सिॲटलच्या लिलावात १९७१ सालची, ४२६ हेमी इंजिनाची, छत उघडणारी प्लिमथ कुडा ३५ लाख डॉलरना गेली. अशा गाड्या मुळात ११ च बनल्या होत्या. त्याच कारखान्यातून त्याच वर्षी निघालेली साध्या इंजिनाची बॅराकुडा दिसायला बव्हंशी तशीच, पण किमतीने तिच्या पासंगालाही पुरत नाही. दोहोंतील अंतर इतके असल्यावर साधी गाडी ‘मोठी’ करून विकण्याचा मोह अनेकांना होतो. इंजिन बदलायचे, बिल्ले लावायचे, रंगाचे पट्टे ओढायचे, शनिवार-रविवारचे काम. हे उघडपणे सांगून केले तर त्यात काही वावगे नाही; तिकडे त्याला ‘क्लोन’ किंवा ‘ट्रिब्यूट’ म्हणतात आणि चालवण्याचा आनंद तसूभरही कमी होत नाही. न सांगता केले तर ती फसवणूक होय.

ती ओळखण्याचा मार्ग ओळखक्रमांकात आहे. सतरा अंकी एकसारखा क्रमांक १९८१ सालापासून आला. त्यापूर्वी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती, आणि खाचाखोचा तेथेच आहेत. फोर्डच्या क्रमांकातील पाचवे अक्षर मूळ इंजिन कोणते ते सांगते. क्रायस्लरच्या १९७० आणि १९७१ च्या गाड्यांत पाचव्या जागी ‘आर’ असेल तरच ती जन्माने हेमी. शेव्हेलचे मात्र चमत्कारिक आहे. १९६६ ते १९६८ पर्यंत एसएस ३९६ ही स्वतंत्र मालिका होती आणि तिचा क्रमांक १३८ ने सुरू होई. १९६९ पासून ती केवळ जादा साहित्याचा संच झाली आणि क्रमांक साध्या मालिबूसारखाच १३६ ने सुरू होऊ लागला. म्हणजे १९७० सालच्या शेव्हेलचा क्रमांक पाहून ती एसएस आहे की नाही हे सांगता येत नाही. जीटीओचे याच्या उलट: १९६४ आणि १९६५ मध्ये ती संच होती, १९६६ पासून २४२ ने सुरू होणारी स्वतंत्र मालिका.

क्रमांक मुका असेल तेथे कागद बोलतो. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांच्या कारखान्यातील नोंदी जतन झालेल्या आहेत आणि त्यांवरून केव्हिन मार्टी यांच्याकडून प्रत्येक गाडीचा अहवाल मिळतो: कोणता रंग, कोणते इंजिन, कोणत्या विक्रेत्याकडे गेली. पॉन्टियाकच्या बीजकांच्या प्रतीही मिळतात. शेव्हरोलेच्या अमेरिकी कारखान्यांच्या अशा नोंदी मिळत नाहीत. तेथे कारखान्यातील कामगारांसाठी छापलेला साहित्याचा कागद हाच आधार. तो गाडीतच कुठेतरी राहून जाई: आसनाच्या स्प्रिंगांत, पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर. उंदरांनी कुरतडलेला, तेलकट डागांचा तो कागद सापडला तर गाडीचे भाग्य उजळते. १९६८ पासून इंजिनाच्या ब्लॉकवरही गाडीच्या क्रमांकाचा काही भाग ठोकलेला असतो. दोन्ही जुळले तर विक्रेता ते मोठ्या अभिमानाने सांगतो. जुळलेले अंक मुद्दाम घासून नव्याने ठोकण्याची कलाही दुर्दैवाने तेवढीच विकसित आहे, म्हणून मोठी रक्कम देण्यापूर्वी त्या एका जातीच्या गाडीचा तज्ज्ञ सोबत न्यावा. शिवाय विक्रेत्याच्या हाती मालकीचा सरकारी दाखला असावा आणि त्यावरचा क्रमांक काचेखालच्या पट्टीशी अक्षर अन् अक्षर जुळावा. दाखला नंतर पाठवतो, असे सांगणाऱ्याला नमस्कार करून परतावे. चोरीची गाडी चाळीस वर्षांनी सापडली तरी ती मूळ मालकाची असते, निष्पाप खरेदीदाराची नव्हे.

ओळख न पाहता दुरुस्ती सुरू करणे कसे अंगलट येऊ शकते, याचे उदाहरण दोन जुळ्या मस्टँगनी घालून दिले आहे. १९६८ साली ‘बुलिट’ या चित्रपटासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर स्टीव्ह मॅक्वीनने जी हिरवी मस्टँग पळवली, तिच्या दोन प्रती होत्या. त्यांचे क्रमांक लागोपाठचे: अखेरचे आकडे १२५५५८ आणि १२५५५९. चित्रपट संपल्यावर पहिली, म्हणजे उड्या मारून मोडकळलेली, गाडी नाहीशी झाली. सुमारे अर्ध्या शतकाने मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियात एका माणसाने मस्टँगचा एक कुजका सांगाडा घेतला आणि दुसऱ्याच एका चित्रपटातील ‘एलिनॉर’ नावाच्या मस्टँगची नक्कल त्यातून बनवण्याचे काम सुरू झाले. क्रमांक तपासून पाहण्याची बुद्धी काम अर्ध्यावर असताना झाली. २०१७ साली मार्टी यांनी स्वतः जाऊन खात्री केली: ती हरवलेली गाडीच होती. आणखी काही आठवडे कोणी क्रमांक पाहिला नसता, तर बुलिटची मस्टँग एका नकलेच्या पत्र्याखाली कायमची गडप झाली असती.

दुसरीची कथा याहून शांत आहे. न्यू जर्सीतील एका गृहस्थाने १९७४ साली जाहिरात वाचून ती ६,००० डॉलरना घेतली. घरात दुसरी गाडी नसावी तशी ती वापरली गेली. पत्नी तीतून शाळेत शिकवायला जाई. १९७७ साली खुद्द मॅक्वीनने पत्र पाठवून गाडी परत मागितली. कुटुंबाने दिली नाही. १९८० च्या सुमारास क्लच गेला आणि गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली ती राहिलीच. बाप-लेकांनी ती मिळून दुरुस्त करायचे ठरवले होते. २०१४ साली वडील वारले. मुलाने पुढे ती चालती केली, पण रंग, पोचे, गंजाचे डाग तसेच ठेवले. २०१८ साली डेट्रॉइटच्या प्रदर्शनात ती जगापुढे आली आणि जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातील लिलावात शुल्क धरून ३७ लाख ४० हजार डॉलरना विकली गेली. नवा रंग दिला असता तर एवढी किंमत आली असती असे कोणी म्हणत नाही.

अशा कथा ऐकून मात्र कोणी सांगाडा विकत घेऊ नये. लक्षावधी गाड्यांत अशी एखादी. बाकी सर्वांचा हिशोब एकच: पूर्ण दुरुस्त केलेली गाडी विकत घेणे हे दुरुस्तीच्या खर्चापेक्षा जवळजवळ नेहमी स्वस्त असते. सर्वाधिक पैसे पत्र्याला आणि रंगाला लागतात, कारण ते काम तासांवर चालते आणि तास शेकड्यांनी लागतात. क्रोमचा मुलामा करून घेणे इतके महाग झाले आहे की बंपर आणि पट्ट्या चांगल्या स्थितीत असणे हाच खरेदीतील एक मोठा नफा समजावा. दूरचित्रवाणीवर तासाभरात गाडी चकाकताना पाहून ज्यांचा निश्चय होतो, त्यांनी पडद्यामागे किती माणसे राबत असतात ते मोजावे. कोणाकडे आधीच एखादे जुने इंजिन पडून असते आणि त्याच्यासाठी तो गाडी शोधत फिरतो. नाल सापडली म्हणून घोडा विकत घेणे याहून वेगळे काय? त्यापेक्षा ज्या गाडीचे भाग सर्वत्र मिळतात अशी साधी, सहा सिलिंडरची का होईना, मस्टँग किंवा साधी मालिबू घ्यावी. तिचा सांगाडा निरोगी असावा आणि ती थोडीतरी चालती असावी. चालती गाडी चालवत चालवत सुधारता येते. पूर्ण सुटी केलेली गाडी बहुधा सुटीच राहते. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, असे म्हणता म्हणता त्या शेपटाला दहा वर्षे लागतात.

याचे कारण क्वचितच कौशल्याचा अभाव असते. मुले मोठी होतात, नोकरी बदलते, गुडघे दुखू लागतात, गॅरेजमध्ये हिवाळ्यात हात गोठतात, आणि घरची रोजची गाडी मात्र इतकी वर्षे बर्फात उभी असते. ही शेवटची गोष्ट बाहेरून क्षुल्लक वाटते. ज्या पत्नीला रोज सकाळी सहा वाजता काचेवरचे बर्फ खरवडावे लागते, तिला ती क्षुल्लक वाटत नाही. सांगाडा आणण्यापूर्वी तो नेमका कोठे आणि किती वर्षे राहील, यावर घरात मोकळेपणाने बोलणे झालेले असावे. पुढची निम्मी भांडणे तेथेच टळतात.

अर्ध्यावर राहिलेल्या अशा पुष्कळ गाड्या अखेरीस बाजारात येतात त्या मालकाच्या निधनानंतर. विक्रेता म्हणून समोर असते ती पत्नी किंवा परगावाहून चार दिवसांची रजा काढून आलेला मुलगा. त्यांना गाडीतले काही ठाऊक नसते. जागा मोकळी व्हायला हवी, एवढेच ठाऊक असते. भिंतीला लागून खोक्यांची उतरंड, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेले: ‘डावे दार, काच फिरवण्याची यंत्रणा’, ‘डॅशबोर्डचे स्क्रू, लांब चार, आखूड सहा’. खरेदीदार घाईत असतो, ट्रक भाड्याचा असतो, खोकी कशीतरी चढवली जातात आणि पट्ट्या वाटेत सुटतात. शहाणा खरेदीदार त्या दिवशी ट्रक आणत नाही. तो आधी एकटाच येतो, प्रत्येक खोक्याचे आणि पट्टीचे छायाचित्र घेतो, आणि मग त्या बाईंना विचारतो की साहेबांची एखादी वही होती का. बहुधा असते. ती स्वयंपाकघरातल्या खणात, दूरध्वनीच्या जुन्या यादीखाली असते, आणि कोणता भाग कोठून मागवला, कोणाला किती पैसे दिले, पुढच्या उन्हाळ्यात काय करायचे, हे सारे तीत तारखांनिशी लिहिलेले असते.